विनंती की उपकारस्तुती?

धुलाईघरात तिला सगळे कोपरेबाई म्हणत. ते तिचं आडनाव नव्हतं. इस्पितळाच्या चादरींच्या घड्या घालताना कोपऱ्याला कोपरा जुळलाच पाहिजे, असा तिचा हट्ट असे. बोटभर फरक पडला तरी ती अख्खी चादर झटकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावी. त्यावरून हे नाव पडलं आणि असं चिकटलं की पगाराच्या खिडकीतूनही तीच हाक येऊ लागली. तिचा नवरा चौकात किल्ल्या बनवायचा. तो म्हणे, "लग्नात मी तुला चांगलं आडनाव दिलं होतं. कुठल्या पाण्यात धुऊन टाकलंस?"

मोठी चादर एकटीला घडी घालता येत नाही. दोघी लागतात. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, मागे सरून ताण द्यायचा, पुढे येऊन आपले कोपरे दुसरीच्या हातात द्यायचे आणि खालची घडी उचलून पुन्हा मागे सरायचं. कोपरेबाईची जोडीण एक उंच, हसरी बाई होती. इतकी वर्षं दोघींनी एकत्र काम केलं होतं की बोलता बोलता, कधी भांडता भांडताही, चादरी आपोआप घडी होत जात.

एका सकाळी इस्त्रीच्या मोठ्या यंत्रावरची वाफेची नळी फुटली. आधी बारीक फुसकारा आला. दोघींनी वर पाहिलं. मग सगळी खोली पांढरी झाली. कोपरेबाई दाराच्या बाजूला उभी होती, ती बाहेर पडली. तिचा डावा हात भाजला. जोडीण नळीच्या बाजूला होती. ती वाचली नाही.

हात काही महिन्यांत भरून आला. बाकीचं आलं नाही. कुठेही फुसकारा ऐकू आला की कोपरेबाईचे पाय तिला न विचारता चालू लागत. किटलीतून वाफ सुटली की ती अंगणात. बसचं दार उघडलं की ती फुटपाथच्या पार दुसऱ्या टोकाला. एकदा चर्चमध्ये तिच्या नणंदेनं बडबड करणाऱ्या पोरांना "श्श्!" करून दटावलं, तर पोरं जागच्या जागी राहिली आणि कोपरेबाई बाहेर. रात्री झोप नाही. जेवणात मन नाही. घरातली किटली नवऱ्यानं गुपचूप माळ्यावर टाकली आणि तो पातेल्यात चहा करू लागला. 

चर्चच्या मागच्या अंगाला एक लहान खोली होती. तिथं दर मंगळवारी आणि गुरुवारी एक वयस्क बाई बसत. आघातातून गेलेल्या माणसांशी बोलण्याचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलं होतं. दारावर 'समुपदेशक' अशी पाटी होती, पण हा शब्द जिभेला जड, म्हणून रविवारच्या वर्गातल्या मुलांनी त्यांची 'समूबाई' करून टाकली होती. समूबाईंना ते नाव आवडायचं. त्या म्हणत, "पाटीपेक्षा मी बरीच लहान आहे."

खोलीत दोन खुर्च्या होत्या. त्या समोरासमोर नव्हत्या, थोड्या तिरक्या मांडलेल्या होत्या, म्हणजे बोलताना समोरच्याकडे बघितलं तरी चालेल आणि खिडकीकडे बघितलं तरी. पहिल्या दिवशी समूबाईंनी दोनच गोष्टी सांगितल्या. पहिली अशी, "याला वेळ लागेल. वर्ष लागेल, दोन लागतील, कदाचित जास्तही." दुसरी गोष्ट म्हणजे एक प्रश्न होता, आणि तो त्या प्रत्येक गुरुवारी विचारत.

"आज प्रार्थना आधी, नंतर, की नकोच?"

कोपरेबाई चमकली. इतके दिवस जो भेटे तो तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करून जाई. हवी का, हे कोणी विचारलं नव्हतं.

"नकोच म्हटलं तर?"

"तर नको."

"तुम्हाला वाईट नाही वाटणार?"

"मी माझी घरी करून आलेय," समूबाई म्हणाल्या. "तुझी तुला करावीशी वाटेल तेव्हा कर."

पुढचे कितीतरी गुरुवार कोपरेबाई "नकोच" म्हणत राहिली. त्या सकाळबद्दलही ती फारसं बोलली नाही. धुलाईघरातल्या साबणाबद्दल बोलली, नवऱ्याच्या घोरण्याबद्दल बोलली, नणंदेबद्दल तर भरपूर बोलली. समूबाई ऐकत. मधूनच विचारत, "आत्ता हात कसे आहेत बघ बरं. आवळलेत का?" ते आवळलेलेच असत. मग दोघी श्वास घेत, सावकाश, आणि बोटं एकेक करून सुटत. रोज घरी दोनदा एवढंच करायचं, हा तिचा अभ्यास.

तीन महिन्यांनी एका रात्री कोपरेबाईला सलग झोप लागली. जाग आली तेव्हा उजाडलं होतं. तिला इतका आनंद झाला की तोंड धुण्याआधी ती शेजारच्या गल्लीत नणंदेकडे धावली. "ताई, मी झोपले! अख्खी रात्र!"

आणि इथेच गडबड झाली.

त्यांच्या चर्चच्या मंडळीत रविवारची उपासना संपत आली की दोनदा उभं राहायची सोय होती. आधी पाळकसाहेब विचारत, "कोणाची विनंती?" मग कोणाला दुखणं असे, कोणाला काळजी असे, ते उभे राहून सांगत आणि सगळे त्यांच्यासाठी प्रार्थना करत. त्यानंतर पाळकसाहेब विचारत, "कोणाची उपकारस्तुती?" मग ज्यांचं दुखणं गेलं, ज्यांची काळजी मिटली, ते उठून देवाचे आभार मानत. विनंतीतला माणूस एक दिवस उपकारस्तुतीत यावा, असा तो सरळ रस्ता होता. त्या रस्त्यावरून उलटं कोणी जात नसे.

नणंद मनानं मोठी आणि आवाजानं त्याहून मोठी. त्या रविवारी उपकारस्तुतीची वेळ आली, तशी ती पहिल्या बाकावरून उठली. "माझ्या भावजयीला प्रभूनं पूर्ण बरं केलं! फक्त तीन महिन्यांत!"

"आमेन!" सगळी मंडळी एका आवाजात म्हणाली.

कोपरेबाई गांगरली. माना तिच्याकडे वळल्या होत्या. म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले. नणंदेचा चेहरा असा उजळला होता की त्यावर कोणाला पाणी ओतवलं असतं? कोपरेबाईनं मान डोलावली. बस, तेवढंच. पण 'पूर्ण' हा शब्द तिच्या नावापुढे लागला तो लागलाच.

पुढच्या गुरुवारी ती मागच्या खोलीत गेली नाही. देवाचे आभार मानून झाले, आता पुन्हा जाऊन "अजून बरी नाही" म्हणणं म्हणजे देवालाही खोटं पाडणं आणि नणंदेलाही. धुलाईघराचा मुकादम त्याच मंडळीतला. तो म्हणाला, "बरं झालं, बाई! सोमवारपासून या."

सोमवारी कोपरेबाई गेली. एप्रन बांधला, टोपी घातली, यंत्रापाशी उभी राहिली. नवी नळी चकचकीत होती. यंत्रानं पहिला फुसकारा टाकला आणि त्यानंतरचं तिला नीट आठवत नाही. भानावर आली तेव्हा ती चौकात नवऱ्याच्या टपरीसमोर एप्रन-टोपीसकट उभी होती आणि किल्ली करायला आलेलं गिऱ्हाईक तिच्याकडे बघत होतं.

नवऱ्यानं किल्ल्यांचं यंत्र बंद केलं. गिऱ्हाइकाला म्हणाला, "साहेब, उद्या या." मग टपरीला कुलूप लावून तिला घरी घेऊन आला. पातेलं गॅसवर ठेवलं.

"मी बरी झाले म्हणून सगळ्यांनी आमेन म्हटलं," ती म्हणाली.

"मी नाही म्हटलं."

"का?"

"तुझ्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी काय, अजून पातेल्यातच चहा करतोय." त्यानं कप तिच्यापुढे सरकवला. "गुरुवारी जा."

ती गेली. मधला एक गुरुवार बुडाला होता. समूबाई आपल्या खुर्चीत बसल्या होत्या आणि शेजारची खुर्ची तशीच तिरकी होती.

"दुसऱ्या कोणाला दिली नाहीत ही वेळ?"

"ही वेळ तुझी आहे. तू आली नाहीस तरी मी इथं बसते," समूबाई म्हणाल्या. "मागच्या वेळी खिडकी पुसली."

कोपरेबाईनं सगळं सांगितलं, सोमवारसकट. मग म्हणाली, "माझ्या नावाची उपकारस्तुती होऊन गेली. आता विनंतीत परत कशी जाऊ? तुम्ही पहिल्याच दिवशी दोन वर्षं म्हणालात, तेव्हा मला वाटलं, घाबरवताय."

"अगं, धीर देत होते!" समूबाई हसल्या. "वेळ आहे, एवढंच सांगत होते. तुला तीन महिन्यांत कुठेही पोचायचं नव्हतं."

कोपरेबाई खिडकीकडे बघत राहिली. ती बोलली, तेव्हा आवाज तिचा वाटत नव्हता.

"माझ्या हातात दोन कोपरे होते. मी ते सोडले. तिनं तिचे धरलेले होते आणि मी सोडले."

समूबाई "तुझी काही चूक नाही" असं म्हणाल्या नाहीत. ते तिला शंभर जणांनी म्हटलं होतं, आणि म्हणणारा माणूस निघून गेला की ते वाक्यही त्याच्या मागोमाग निघून जाई. त्या एवढंच म्हणाल्या, "सांग. सावकाश. आज जमेल तेवढंच."

खरं काम तिथून सुरू झालं. पण मंडळीत मात्र कोपरेबाई 'पूर्ण बरी'च राहिली. मुकादमाला तिनं हात दुखतो असं सांगितलं आणि कोरड्या विभागात, उशांच्या अभ्र्यांना बटणं लावायचं काम मागून घेतलं. आणि गुरुवारचं काय सांगायचं, म्हणून नणंदेला म्हणाली, "विणकाम शिकायला जाते."

हे तिनं का सांगितलं, देव जाणे. तिला विणकामातलं ओ की ठो येत नव्हतं. नणंदेला पक्कं येत होतं.

"काय विणतेस?"

"मोजा."

"कोणासाठी?"

"ह्यांच्यासाठी."

काही महिने गेले. "झाला का मोजा?"

"उसवला, ताई. परत घातला."

आणखी काही महिने. "अगं, माझ्या भावाला पाय आहेत की खांब? एक मोजा व्हायला वर्ष?"

"हळू शिकते मी."

"कोण शिकवतं तुला? नाव सांग, मी बोलते तिच्याशी!"

हे ऐकून समूबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "मला तर साधा टाकाही घालता येत नाही. उद्या त्या आल्या तर मी काय दाखवू?" थोड्या वेळानं म्हणाल्या, "खरं कधी सांगायचं ते तू ठरव. मी ढकलणार नाही. फक्त हे सांभाळायला तुला किती जोर लागतो, तेवढं बघत राहा."

त्या वर्षात बऱ्याच गोष्टी झाल्या, पण गाजावाजा करावा अशी त्यातली एकही नव्हती. ती सकाळ कोपरेबाईनं समूबाईंना अनेकदा सांगितली. आधी तुकड्यातुकड्यांत, मग ओळीनं. सांगता सांगता ती थरथरली की दोघी थांबत, जमिनीवर पाय टेकवत, खोलीतल्या वस्तूंची नावं घेत: खुर्ची, खिडकी, दिवा, चष्मा. मग पुढे. एका गुरुवारी तीच कथा सांगताना मध्येच थांबून ती म्हणाली, "मी कोपरे धरून ठेवले असते, तरी माझ्या हातात चादरच राहिली असती. ती नाही."

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. म्हणून ते टिकलं.

एकदा तिनं विचारलं, "देवावर राग आलाय, असं प्रार्थनेत म्हणता येतं का?"

"म्हणून बघ. त्याला ते नवीन नाही."

"मग आज नंतर. म्हणजे, प्रार्थना. नंतर."

आणि तास संपताना तिनं डोळे मिटले आणि त्या खोलीतली तिची पहिली प्रार्थना केली. "देवा, मी तुझ्यावर रागावलेय. आमेन."

समूबाईही "आमेन" म्हणाल्या, आणि अगदी मनापासून म्हणाल्या. पुढे त्या प्रार्थना लांबत गेल्या. राग संपला नाही, पण त्याच्या शेजारी इतर गोष्टी येऊन बसू लागल्या. जोडिणीची आठवण आली, तिचे विनोद आले. कशाकशाबद्दल आभारही आले. किटली माळ्यावरून उतरली. आधी ती रिकामीच ओट्यावर राहिली, मग थंड पाण्यानं भरलेली, मग एक दिवस नवऱ्यानं झाकण काढून गॅसवर ठेवली आणि वाफ सुटली तेव्हा कोपरेबाई दारापर्यंत गेली, पण दारातून परत आली. नवरा म्हणाला, "बस, आज एवढंच. चहा पातेल्यातलाच पी." धुलाईघरात ती जेवणाच्या सुट्टीत, यंत्र बंद असताना, इस्त्रीच्या खोलीत जाऊन उभी राहू लागली. पुढे यंत्र चालू असताना दाराशी.

ती सुखी होती का? बऱ्याच दिवशी होती. फक्त रविवारी चर्चमध्ये तिला आपण कोणाचा तरी कोट अंगात घालून आलोय असं वाटे.

मग मंडळीत एक ड्रायव्हर येऊ लागला. मोठा आडदांड माणूस, पण बसायचा शेवटच्या बाकावर, दाराशी. त्याचा मालट्रक उलटला होता आणि तो केबिनमध्ये बराच वेळ अडकून पडला होता. त्यानंतर तो कुठल्याही बंद गाडीत बसू शकत नव्हता. गावाच्या दुसऱ्या टोकाहून चर्चला पायी येई. त्यानं एकदा विनंतीत उभं राहून हे सांगितलं, आणि सगळ्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली. उपासना झाल्यावर नणंदेनं त्याला गाठलं आणि कोपरेबाईकडे बोट दाखवून काहीतरी समजावलं. ड्रायव्हर मान खाली घालून ऐकत होता.

काही रविवार गेले. एकदा अंगणात तो स्वतःच कोपरेबाईपाशी आला. तिच्या नवऱ्याकडून त्यानं घराची किल्ली करून घेतली होती, तेवढी ओळख.

"वहिनी, एक विचारू? तुम्ही तीन महिन्यांत नक्की काय केलंत?"

कोपरेबाईनं नणंद कुठं उभी आहे ते आधी पाहिलं.

"नाही, म्हणजे, मला दोन वर्षं झाली. सगळ्यांनी प्रार्थना केली. मीही करतो. तुमच्या ताई म्हणाल्या, विश्वास पक्का हवा. तुमचा होता, म्हणून लगेच झालं." त्यानं हातातली टोपी फिरवली. "माझ्यातच काहीतरी खोट असणार. लोकांनी दर रविवारी माझ्यासाठी मागत राहायचं आणि मी आहे तिथंच. लाज वाटते. पुढचा एक रविवार येतो, पाळकसाहेबांना तसं सांगतो, मग नाही येत."

तो गेला. कोपरेबाई तिथंच उभी राहिली. आपण ज्या शब्दाला नुसती मान डोलावली होती, तो शब्द या माणसाच्या छातीवर जाऊन बसला होता.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो कानशीनं किल्ली घासत होता. घासणं थांबवून म्हणाला, "मग?"

"मग सांगावं लागेल."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोरच झालं होतं ना."

गुरुवारी समूबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "हे तू त्याच्यासाठी करतेस की स्वतःसाठी?"

कोपरेबाईनं विचार केला. "आधी त्याच्यासाठी वाटलं होतं. पण मलाही तो कोट उतरवायचाय."

"आणि ताई?"

"त्यांना आधी सांगते. शनिवारी. माझ्यासाठी प्रार्थना करा, बाई. वाफेपेक्षा जास्त भीती वाटतेय."

शनिवारी नणंद स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मोजा आणलास?"

"मोजा नाही, ताई. कधीच नव्हता."

सुरी थांबली. कोपरेबाईनं उभ्यानंच सगळं सांगितलं. गुरुवार, मागची खोली, तो सोमवार, हात दुखत नसताना मागून घेतलेली बटणं. नणंद ऐकत होती आणि तिचा चेहरा लाल होत होता.

"म्हणजे मी अख्ख्या मंडळीसमोर खोटं बोलले?"

"खोटं नाही. घाईनं बोललात."

"घाई? रोज रात्री गुडघे टेकले मी तुझ्यासाठी! गुडघे बघ माझे!"

"माहीत आहे, ताई. ती झोप खरीच होती. तुमच्या प्रार्थनेनंच लागली असेल. 'पूर्ण' तेवढं जास्त झालं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस? वर्षभर मला मोज्यात गुंडाळलंस!"

"तुम्ही इतक्या खूश होतात."

नणंदेनं सोललेला बटाटा पुन्हा सोलायला घेतला. "जा तू आता," ती म्हणाली. "मला काम आहे."

रविवारी नणंद नेहमीसारखी पहिल्या बाकावर बसली होती, पण तिनं मागे वळून पाहिलं नाही. तिची पाठ ताठ होती. ड्रायव्हर दाराशी होता, टोपी हातात. नवरा कोपरेबाईच्या शेजारी. पाळकसाहेबांनी विचारलं, "कोणाची विनंती?"

ड्रायव्हर उठायच्या बेतात होता. कोपरेबाई आधी उठली.

"माझी," ती म्हणाली. "मी पूर्ण बरी झालेली नाही. तीन महिन्यांत मला एक रात्र झोप लागली होती, एवढंच झालं होतं. मी अजून दर गुरुवारी मागच्या खोलीत समुपदेशक बाईंकडे जाते. दीड वर्ष होत आलं. पुढेही जाणार आहे. यंत्राच्या खोलीत मी आता दाराशी उभी राहते, आत काम अजून जमत नाही. रात्री पुष्कळदा झोपते. कधी कधी नाही झोपत. देवावर रागावले होते, ते त्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं असं मला वाटतं. मी दीड वर्षापूर्वीपेक्षा खूप बरी आहे. आणि कोणाला दोन वर्षं झाली असतील, तर त्यात त्याची काही खोट नाही. एवढंच."

ती उभीच राहिली, कारण बसायचं कसं ते सुचेना. मंडळी गप्प होती. ते नाराज झाले होते असं नाही, खरी अडचण वेगळीच होती. विनंतीला प्रार्थना करायची आणि उपकारस्तुतीला आमेन म्हणायचं, हे त्यांना पाठ होतं. हे कशात धरायचं ते कळेना.

पाळकसाहेब तरुण होते आणि प्रामाणिक होते. त्यांनी चष्मा वर सरकवला. "कोपरेबाई, म्हणजे… ही विनंती समजायची की उपकारस्तुती?"

"दोन्ही, पाळकसाहेब."

पाळकसाहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"आमेन!" पहिल्या बाकावरून गडगडाट झाला. नणंद उठून मागे वळली होती. तिचे डोळे ओले होते आणि आवाज चिडका. "अरे, म्हणा की! वाट कसली बघताय? दोन्ही म्हणाली ना ती? मग दोनदा म्हणा!"

मंडळी दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणताना बरेच जण हसत होते. तेवढ्यात मधल्या बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उठले. "मग पाळकसाहेब, माझ्या गुडघ्याचंही दोन्हीत घाला. बरा आहे, पण नाही." आणि त्यांच्यामागून एक बाई उठली, तिच्या मुलाबद्दल. त्या दिवशी उपासना लांबली. जेवायला उशीर झाला म्हणून मात्र कोणी कुरकुरलं नाही.

बाहेर अंगणात नणंदेनं कोपरेबाईला गाठलं. "आधी सांगायचं ना, दोन्ही म्हणणार आहेस म्हणून. मी तयारीत राहिले असते."

"मलाच माहीत नव्हतं, ताई."

"हं." नणंदेनं तिचा पदर उगीचच सारखा केला. "पुढच्या रविवारी मी काय म्हणू तुझ्याबद्दल?"

"काही म्हणू नका. नुसत्या माझ्याजवळ बसा."

"गप्प?"

"त्यासाठी वेगळी विनंती करावी लागेल," नवरा मागून म्हणाला. नणंदेनं त्याच्या दंडावर चापट मारली.

ड्रायव्हर फाटकाशी घुटमळत होता. पाळकसाहेबांना सांगायचं होतं ते त्यानं सांगितलं नव्हतं. कोपरेबाई त्याच्याकडे गेली.

"दीड वर्ष म्हणालात ना?" त्यानं विचारलं. "कंटाळा नाही येत?"

"येतो की. कंटाळा आला हेही तिथंच सांगते मी."

"त्या रागावत नाहीत?"

"खिडकी पुसतात."

तो पहिल्यांदाच हसला. मग तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिला. तिकडे समूबाई पायरीवर बसल्या होत्या आणि रविवारच्या वर्गातली मुलं त्यांना आपले पडलेले दात दाखवत होती.

ड्रायव्हर हळूहळू तिकडे गेला. मुलं एवढ्या मोठ्या माणसाला बघून जरा बाजूला झाली. कोपरेबाईला पलीकडून सगळं ऐकू येत होतं.

"बाई, मंगळवारी कोणी असतं का तुमच्याकडे?"

"मंगळवार मोकळा आहे."

"खोलीचं दार बंद ठेवावं लागतं का?"

"नाही. दार उघडं, खिडकीही उघडी."

ड्रायव्हर तरीही तसाच उभा राहिला. समूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि पायरीवर आपल्या शेजारी हात थोपटला. "पहिले काही दिवस आत जाऊच नये असं वाटलं, तर इथंच बसू. माझी काही हरकत नाही."

"पाऊस आला तर?"

"छत्री आणा," समूबाई म्हणाल्या. "माझी एकटीपुरतीच आहे."

तो खाली बसला. मुलांपैकी एकानं लगेच त्यालाही तोंड उघडून पडलेला दात दाखवला आणि त्यानं वाकून, अगदी नीट, तो कुठून पडला ते पाहिलं.